पाल्सिकदादा, राखीव गडी

आमच्या हाम्सोकमध्ये ऑलिंपिकला जाऊन आलेला माणूस एकच, कू पाल्सिक. तो आमच्या सार्वजनिक न्हाणीत लोकांच्या पाठी घासतो.

हे मी हिणवून सांगत नाही. मीही त्याच न्हाणीतला. पुरुषांच्या बाजूला, कपडे ठेवायच्या कपाटांपलीकडे माझी न्हाव्याची खुर्ची आहे, सव्वीस वर्षं झाली. माझं आडनाव मा. पाल्सिक माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. एरवी त्याच्यात मोठेपणा वाटावा असं काही नाही. बुटका, पोट सुटलेलं, डोक्यावर मला कापायला जेमतेम मूठभर केस. पण मांड्या! काळ्या चड्डीतून बाहेर आलेल्या त्या दोन मांड्या बघून नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काका, तुम्ही कुस्ती खेळायचात का हो?"

झालं. आता त्या गिऱ्हाइकाची सुटका नाही. तो बिचारा ओल्या पलंगावर पालथा, अंगावर सूत नाही, पाठभर साबण. जाणार कुठे?

"कुस्ती नाही, सायकल," पाल्सिकदादा हातातला खरखरीत मोजा घट्ट करत म्हणतो. "सोलला ऑलिंपिक भरलं होतं ना, त्या संघात होतो मी. सांघिक पाठलाग. चार किलोमीटर."

"अरे वा! मग पदक?"

"पदक कसलं. मी राखीव होतो. चौघे धावतात, मी पाचवा."

इथे घासण्याचा जोर वाढतो. आपल्याला का उतरवलं नाही, याची कारणं तो गिऱ्हाईक बघून सांगे. कधी प्रशिक्षकाचा हेका, कधी कुणा बड्या माणसाचा वशिला, कधी उलटा वारा. एकदा एका माणसाची पाठ फारच मळलेली निघाली, म्हणून गोष्टही लांबली, आणि तीत एक परदेशी हेरसुद्धा येऊन गेला. मी केस कापता कापता सगळं ऐकायचो आणि गप्प बसायचो. आपलं काय जातंय?

भिंतीपलीकडे बायकांच्या बाजूला हेच काम त्याची बायको, मेंग सुन्नाम, करते. भिंतीच्या वर हातभर फट आहे. नवराबायकोचा निम्मा संसार त्या फटीतूनच चालतो.

"अहो, कांदे आणलेत का?"

"अगं, ऑलिंपिकचं सांगतोय मी!"

"सांगा की. कांदे आणलेत का?"

ही गोष्ट सुरू झाली ती प्यो दासोममुळे. आमच्या तालुका कचेरीचा मुलींचा सायकल संघ आहे. सहा मुली, एक प्रशिक्षक आणि एक व्हॅन, जिचं दार आतून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. दासोम त्या संघातली. तेवीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी आणि भरपूर खाणारी. तिचे आईबाप नदीपलीकडच्या तालुक्यात समुद्री शेवाळ वाळवतात. ती इथे वसतिगृहात राहायची आणि दर सोमवारी, सुटीच्या दिवशी, न्हाणीत येऊन सुन्नामवहिनीच्या पलंगावर तासभर पडायची. तर त्या वर्षी तिची राष्ट्रीय संघाच्या शिबिरात निवड झाली.

शिबिरात सात मुली होत्या. त्यांतून पाच जणी ऑलिंपिकला जाणार. पण त्याआधी मुळात देशालाच जागा मिळायला हवी होती. जगातले दहाच देश घेणार, आणि दोन वर्षांच्या गुणांच्या यादीत आपण अकरावे.

हे गणित हाम्सोकमध्ये पाल्सिकदादाशिवाय कुणालाही कळत नव्हतं. मग काय, न्हाणीची शाळा झाली. तो साबणाची वडी घेऊन माझ्या आरशावर देशांची नावं लिहायचा. गिऱ्हाइकाला आपली दाढी दिसायची नाही, फक्त पोलंड दिसायचं.

"दादा, आरसा माझा आहे," मी म्हणायचो.

"देश तुझा नाही का?"



सगळ्यात मंद विद्यार्थी म्हणजे मो खाटीक. शंभर किलोचा गडी, पलंगावर पालथा पडला की पलंग कुरकुरायचा. एकदा पाल्सिकदादा त्याच्या पाठीवरच शिकवायला लागला.

"हे बघ मो, ही तुझी पाठ म्हणजे आशिया. इथे डाव्या खांद्यावर जपान, इथे चीन. ही दोघं पुढे आहेत, त्यांना धरता येत नाही, सोडून दे. आपण इथे, फासळ्यांपाशी."

"आणि खाली?"

"खाली ऑस्ट्रेलिया. तिकडे मी बघत नाही."

सगळी न्हाणी हसली. मो मात्र विचारात पडला होता. "मला एक सांग. चौघी एकीच्या मागे एक अशा पळवतात. मग वेळ कुणाची धरतात? पहिलीची?"

"तिसरीची. तिसरीचं चाक रेषेवर आलं की घड्याळ थांबतं."

"मग चौथी कशाला?"

"वारा फोडायला. पुढे राहून बाकीच्यांसाठी दमायचं आणि सुटायचं."

"अस्सं. आणि पाचवी?"

पाल्सिकदादानं मोच्या पाठीवर तांब्याभर गरम पाणी ओतलं. "पालथा झालास तसा आता उताणा हो," म्हणाला.

जसजशी शेवटची पात्रता स्पर्धा जवळ आली, तसा त्याचा तोल सुटत गेला. आपण ज्या खरखरीत मोज्यानं अंग घासतो त्याला अख्खा देश 'इटली टॉवेल' म्हणतो. पाल्सिकदादानं ते नाव तोंडातून काढणं बंद केलं. इटलीच्या मुली कुठल्या कुठे पुढे, त्यांचा आपल्याशी संबंधच नाही. पण त्याचं म्हणणं, परक्या संघाचं नाव दिवसातून चाळीसदा कशाला घ्यायचं? मोजा मागताना तो "तो हिरवा दे" म्हणायचा. खरा राग मात्र पोलंडवर. पोलंड दहावं होतं.

"पंक्चर होऊ दे," तो सकाळी पाणी तापवताना पुटपुटायचा. "फार नको. एकच. मागचं चाक."

फटीतून आवाज यायचा, "अहो, कुणाच्या पोरींचं वाईट चिंतू नका. त्यांच्याही आया कुठेतरी राबत असतील."

"मी पोरींचं नाही, चाकाचं चिंततोय!"

वहिनीचं शास्त्र वेगळंच होतं. तिला गुण, यादी, देश यातलं काही कळत नव्हतं. तिला दासोमचे पाय ठाऊक होते. एके संध्याकाळी आम्ही तिघं गल्ल्याजवळ बसून नूडल्स खात होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, "पोरगी पाचात येईल, पण चारात नाही यायची."

पाल्सिकदादाच्या तोंडातून नूडल लोंबत राहिली. "तुला काय कळतं?"

"तिची डावी मांडी उजवीपेक्षा बोटभर जाड आहे. पळायला लागली की कुणाला ऐकत नाही, पण उभ्यानं निघताना अडखळते. तिनंच सांगितलं मला. पहिल्या फेरीत निम्मा सेकंद घालवते म्हणाली."

"निम्मा सेकंद! म्हणजे किती असतो माहीत आहे का तुला?"

"तुम्ही कांदे आणायला जाता तेव्हा घालवता त्यापेक्षा कमीच असणार," वहिनी म्हणाली आणि त्याचा वाडगा उचलून घेऊन गेली.

शेवटची स्पर्धा रविवारी सकाळी झाली. आपल्या मुली सहाव्या आल्या, पोलंडच्या नवव्या. पंक्चर वगैरे काही झालं नाही. आपल्या पोरी चांगल्या धावल्या, एवढंच. पाल्सिकदादानं माझ्या आरशावर बेरीज केली, पुसली, परत केली, मग मला करायला लावली. मी चौथीपर्यंतच गणितात हुशार होतो, तरी माझंही तेच उत्तर आलं. आपण दहावे. अडीच गुणांनी.

पुढचं गावात अजून सांगतात. तो नुसत्या काळ्या चड्डीत, पायांना साबण, थेट बायकांच्या दारापर्यंत धावत गेला, "सुन्नाम! गेलो आपण! गेलो!" असं ओरडत. गल्ल्यावरच्या म्हातारीला वाटलं, कुणीतरी वारलं. मग तिनं नीट बघितलं, आणि रबरी चप्पल काढून त्याच्या पाठीत अशी हाणली की आवाज आत माझ्यापर्यंत आला.

त्याच दुपारी तालुका कचेरीचे तक साहेब आले. क्रीडा विभाग त्यांच्याकडे. त्यांना घाम फार सुटतो, बाहेरसुद्धा.

"पाल्सिकभाऊ, बॅनर छापायला टाकू का? मुलींची यादी पुढच्या आठवड्यात आहे. पण नदीपलीकडच्यांनी ऑर्डर दिलीसुद्धा, असं कळलंय. ती म्हणे त्यांची कन्या."

"राहते आपल्याकडे, जेवते आपल्याकडे, घासून घेते आपल्याकडे. त्यांची कशी?"

"म्हणजे छापू?"

"छापा. मोठ्ठा छापा."

चौकात, पेट्रोल पंपासमोर, दोन खांबांच्या मध्ये बॅनर लागला. 'हाम्सोकची कन्या प्यो दासोम ऑलिंपिकला! हार्दिक अभिनंदन!' पुलाच्या त्या टोकाला नदीपलीकडच्यांचा लागला, तो दोन हात लांब होता. तक साहेबांना रात्रभर झोप लागली नाही म्हणतात.

आणि बुधवारी यादी आली. तक साहेब न्हाणीतच होते. गरम हौदात गळ्यापर्यंत बसून, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाचत होते. चष्म्यावर वाफ. एकेक नाव वाचलं. चार नावं झाली. मग ते थांबले, चष्मा पुसला, परत वाचलं, आणि हळूच म्हणाले, "राखीव, प्यो दासोम."

 आणि एकेक करत सगळी डोकी पाल्सिकदादाकडे वळली. तो मोची पाठ घासत होता. मान खाली. घासतोय, घासतोय, एकाच जागी.

"अरे ए!" मो शेवटी किंचाळला. "कातडं माझं आहे!"

त्यानंतर तीन दिवस तो बोललाच नाही. नवी गिऱ्हाइकं मांड्यांबद्दल विचारायची, तर "म्हातारपणाची सूज आहे" म्हणून मोकळा. गावाला मात्र भलताच प्रश्न पडला होता. तक साहेब दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा टॉवेल गुंडाळून त्याच्यासमोर उभेच राहिले.

"पाल्सिकभाऊ, तुम्हीच सांगा. राखीव म्हणजे गेली की नाही गेली? विरोधी सदस्य म्हणतायत बॅनर खोटा आहे, उतरवा."

पाल्सिकदादानं बराच वेळ हातमोजा पिळला. "विमानात बसणार ना ती?"

"हो."

"बॅनरवर काय लिहिलंय? ऑलिंपिकला. 'ऑलिंपिकमध्ये' लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. 'ला' लिहिलंय. 'ला' खरं आहे."

तक साहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की त्यांचा टॉवेल सुटला. ते तसेच कपाटाकडे धावले.

पण पाल्सिकदादा हसला नाही. माझ्या खुर्चीत येऊन बसला, केस कापायचे नसताना. आरशात बघत म्हणाला, "मा, चाळीस वर्षं मीही त्या 'ला'वरच जगलोय बघ."

पुढचा सोमवार आला, तशी दासोम आली. शिबिरातून दोन दिवसांची सुटी घेऊन. आमच्याकडे मधल्या दालनात उबदार फरशी आहे, तिथे बायकापुरुष एकत्र बसतात, भाजलेली अंडी खातात, टीव्ही बघतात. ती तिथे बसली होती, समोर सहा अंडी आणि केळ्याचं दूध. वहिनीनं फटीतून हुकूम सोडला, "अहो, पोरगी बाहेर बसलीय. जा, बोला."

"मी काय बोलू?"

"चाळीस वर्षं तोंड बंद नव्हतं, आज काय झालं?"

तो गेला. मीही गेलो. ऐकायला नाही, वर्तमानपत्र वाचायला. वर्तमानपत्र कालचं होतं आणि मी ते उलटं धरलं होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

पाल्सिकदादा तिच्यासमोर मांडी घालून बसला. खोकला. म्हणाला, "वाईट झालं."

"काय वाईट?" दासोमनं अंडं कपाळावर आपटून फोडलं. "काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. तिथे तुम्ही दिवसभर काय करायचात?"

"कुठे?"

"ऑलिंपिकला. राखीव म्हणून. प्रशिक्षकांना विचारलं तर म्हणतात, तयार राहायचं. म्हणजे नक्की काय करायचं?"

मला वाटलं, आता वशिला येणार, वारा येणार, हेर येणार. पण त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. सगळे विचारायचे, का नाही धावलास. काय करायचास, हे कुणाला हवं होतं?

"बाटल्या भरायचो," तो म्हणाला. "टायर पुसायचो. चौघांचे घामाचे कपडे एका पिशवीत भरून धुवायला न्यायचो. एकदा पिशवी चुकली, तर चौघं दुसऱ्या दिवशी ओले कपडे घालून सरावाला."  फरशीवरचं टरफल उचलून हातात चुरडत बसला. "आणि एक केलं, जे कुणाला सांगितलेलं नाही."

दासोम चावायची थांबली.

"शर्यतीच्या सकाळी आमच्यातल्या एकाला ताप भरला. एकशे दोन. प्रशिक्षक माझ्याकडे आले. वशिला नाही, काही नाही. सरळ विचारलं, पाल्सिक, उतरतोस का? बावीस वर्षांचा होतो मी. बाहेर एवढे लोक, आपलेच लोक, झेंडे. माझ्या तोंडातून निघालं, साहेब, पोट दुखतंय."

"दुखत होतं?"

"छे गं."

"मग कोण धावलं?"

"ताप होता तोच. तापात."

"आणि तुम्ही?"

"मी काय. शर्यत संपली आणि अर्ध्या तासात मला अशी भूक लागली की दोन वाडगे भात खाल्ला. त्या तापवाल्यानं मला स्वतःच्या ताटातला मासळीचा तुकडासुद्धा दिला. पोट बरं वाटतंय का रे, म्हणाला."

दासोमनं त्याच्याकडे बघितलं, आणि मग ती जी हसायला लागली! अंडं अडकलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. मी वर्तमानपत्र टाकून तिच्या पाठीत थोपटायला उठलो. पाल्सिकदादा आधी लाल झाला, मग त्यालाही हसू फुटलं. मग तोच रडायला लागला, हसतहसत, आणि मला काही कळेना की थोपटायचं कुणाला.

"मला काय वाटलं माहितीय, काका?" दासोम श्वास घेत म्हणाली. "यादी आली तेव्हा मला आधी बरं वाटलं. हुश्श झालं. मग त्या हुश्शचीच लाज वाटली. दोन दिवस झोपले नाही. मला वाटलं अशी मी एकटीच."

"एकटी नाहीस," तो नाक पुसत म्हणाला. "आपण दोघं आहोत. पण तू ऐक. कुणी विचारलंच, तर तोंडातून आधी 'हो' बाहेर काढ. घाबरायला नंतर वेळ असतो. मला फार मिळाला."

मागून वहिनीचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती, देव जाणे. "झालं का सांगून? मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे."

"काय?"

"झोपेत ओरडता तुम्ही. साहेब, पोट दुखतंय. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवताय."

ऑलिंपिक समुद्रापलीकडे होतं. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. शर्यतीच्या दिवशी नऊच्या सुमाराला अख्खं हाम्सोक त्या उबदार फरशीवर जमलं होतं, सगळे न्हाणीच्या नारिंगी कपड्यांत. तक साहेबांनी कचेरीतर्फे अंडी वाटली. कुणी दासोमला बघायला जमलं नव्हतं तसं, ती तर बाकावर. पण देश धावणार होता, आणि अंडी फुकट होती.

आठला पाच मिनिटं कमी असताना पाल्सिकदादाच्या फोनवर निरोप आला होता. त्यानं मला वाचायला दिला, त्याचे हात ओले होते. 'काका, एकीला रात्रीपासून उलट्या. मला विचारलं. हो म्हणाले.' त्याखाली आणखी एक ओळ होती. 'आता खरंच मळमळतंय.'

"काय लिहू?" मी विचारलं.

त्यानं गरम पाण्याचा नळ बंद केला.  मग म्हणाला, "लिही, मस्त. लिही, अंडी ठेवलीत तुझ्यासाठी. नाही, थांब, अंड्यांचं नको लिहू, आणखी मळमळेल."

आम्ही 'मस्त' एवढंच लिहिलं.

मग ही गोष्ट गावाला सांगायची सोडून तो गायब झाला. पडद्यावर चौघी रांगेत उभ्या राहिल्या, तिसरी दासोम, आणि फरशीवर असा गलका उडाला की गल्ल्यावरच्या म्हातारीनं पुन्हा चप्पल काढली. मी त्याला शोधत मागे गेलो. तो पाणी तापवायच्या खोलीत एका पिंपावर बसला होता, कानांत बोटं घालून.

"दादा, चल, सुरू होतंय!"

"तू बघ. मला येऊन सांग."

"काय सांगू?"

"निघाली का ते सांग."

मी धावत बाहेर. घड्याळ उलटं मोजत होतं. सुटल्या! दासोम अडखळली, किंचित, मलासुद्धा दिसलं. मी धावत आत. "निघाली! थोडी मागे पडली!" धावत बाहेर. "धरलं तिनं!" धावत आत. त्या चार मिनिटांत मी किती फेऱ्या मारल्या, मोजल्या असत्या तर माझाही विक्रम झाला असता. शेवटी महत्त्वाचं तेवढंच माझं बघायचं चुकलं. मी आत असताना ती पुढे आली होती. मो नंतर सांगत होता, ती वारा फोडत राहिली, दोन फेऱ्या, अडीच फेऱ्या, हटायची वेळ झाली तरी हटेना. मग एकदम बाजूला झाली, आणि संपली. मागे राहिली ती राहिलीच, डोकं हँडलवर. बाकीच्या तिघी रेषेपार गेल्या.

देशातला नवा विक्रम. दहांत आठव्या. आठच पुढच्या फेरीत जातात.

मी आत जाऊन सांगितलं. पाल्सिकदादानं कानांतली बोटं काढली. "पडली नाही ना?"

"नाही."

"उलटी?"

"कॅमेऱ्यात तरी नाही."

तो पिंपावरून उठला, तोंड धुतलं, आणि मग बाहेर आला. मो त्याला उचलायला धावला, पण दोघेही घसरून बसले.

दुसऱ्या दिवशी आजारी मुलगी बरी होऊन परतली, आणि दासोम पुन्हा बाकावर. आपण शेवटी आठवेच राहिलो. पण दासोम उतरली होती. तक साहेबांनी जुना बॅनर उतरवून नवा लावला, त्यात आता 'मध्ये' होतं, आणि तो पुलापलीकडच्यापेक्षा हातभर लांब होता.

पुढच्याच आठवड्यात पाल्सिकदादानं खरी गोष्ट न्हाणीत सांगितली. सगळ्यांसमोर, हौदाच्या कडेला उभं राहून. ताप, पोट, दोन वाडगे भात, सगळं.  मला वाटलं, आता लोक काय म्हणतील. चाळीस वर्षं गावाला फसवलं, म्हणतील.

 मग मो पाण्यातून म्हणाला, "म्हणजे तुला विचारलं होतं?"

"हो."

"ऑलिंपिकमध्ये उतरतोस का, असं?"

"हो."

"बाबा रे," मो म्हणाला. "मला आयुष्यात कुणी, चहा घेतोस का, हेसुद्धा दोनदा विचारलेलं नाही." आणि त्यानं डोकं पाण्याखाली घातलं. विषय संपला.

शरद ऋतूत एका मंगळवारी, न्हाणी बंद असताना, दासोम संघाच्या गोदामातली एक जुनी सायकल घेऊन आली. पाल्सिकदादा चाळीस वर्षांत सायकलवर बसला नव्हता. बाजारात जायचा तोही चालत. "नको," म्हणाला. मग तिच्याकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाला, "हो, हो."

नदीच्या बांधावरून तो निघाला. दासोम पुढे वारा अडवत, तो मागे, आणि त्यांच्या मागे मी, भाजीवाल्याकडून मागून आणलेल्या तीनचाकीवर. त्याचं पोट हँडलवर टेकत होतं, पण त्या मांड्यांना सगळं आठवत होतं. तीन किलोमीटरवर तो ओरडून सांगायला लागला की वारा उलटा आहे. पाचव्यावर त्यानं एका म्हातारीच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवरून सायकल नेली, आणि ती म्हातारी काय बोलली ते मी लिहीत नाही. पण तो थांबला नाही. नदीकाठच्या लव्हाळ्यांपर्यंत जाऊन परत आला, अकरा किलोमीटर.

मग त्याला सायकलवरून उतरता येईना. पाय वळेचनात. दासोमनं आणि मी त्याला दोन बाजूंनी धरून, सायकल पायांमधून ओढून काढली आणि त्याला तसंच, बसल्या आकारात, न्हाणीत नेलं. वहिनीनं रिकाम्या हौदात गरम पाणी सोडलं होतं. त्याला पुरुषांच्या पलंगावर पालथा घातला, आणि तिनं बाह्या सरसावल्या. इतक्या वर्षांत ती त्या बाजूला पहिल्यांदाच आली होती.

मी आणि दासोम बाहेर येऊन केळ्याचं दूध पीत बसलो. आतून आवाज येत होते.

"हळू गं! आई गं!"

"हलू नका. किती मळ आहे हा! इतकी वर्षं स्वतःची पाठ कधी घासली नाहीत का?"

"हात पोचत नाही तिथे."

"मग सांगायचं होतंत ना मला," वहिनी म्हणाली. "इथेच तर होते, भिंतीपलीकडे."